परतीची वाट तालुक्यातून सुरू करा : परराष्ट्रमंत्र्यांना खुलं पत्र

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली
यांस



महोदय, संकटात सापडलेल्या आपल्या माणसांना परदेशातून बाहेर काढण्याचं काम या देशाने अनेकदा मोठ्या हिमतीने केलं आहे. इराकने कुवेत घेतलं तेव्हा, १९९० साली, एअर इंडियाने अम्मानहून सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना परत आणलं. कोकणात आजही अशी घरं आहेत, जिथे आजोबा त्या प्रवासाची हकिगत सांगतात : वाळवंटातून बसने अम्मान, तिथे तंबूत काढलेले दिवस आणि मग मुंबईला उतरल्यावर टेकलेला माथा. पुढे येमेनमधून २०१५ मध्ये ‘ऑपरेशन राहत’ झालं, करोनात ‘वंदे भारत’ची विमानं आली, २०२३ मध्ये सुदानमधून ‘ऑपरेशन कावेरी’ झालं. या सगळ्याबद्दल आपल्या खात्याचे आणि वायुदल-नौदलाचे आभार मानावे तेवढे थोडेच आहेत.

माझी तक्रार या विमानांबद्दल नाही. युद्ध पेटलं की हजारो माणसं एका ठिकाणी अडकतात, जगाला दिसतात, आणि त्यांच्यासाठी विमान निघतं. मी लिहिते आहे ती एकेकट्याने अडकलेल्यांबद्दल. मालकाने पासपोर्ट काढून घेतला आहे, पगार महिनोन्‌महिने दिलेला नाही, घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही आणि आपण नेमके कुठल्या गावात आहोत हेही धड सांगता येत नाही, अशी ही माणसं. त्यांच्या सुटकेच्या मोहिमेला कुणी नाव देत नाही, कारण मोहीमच निघत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात आखातात गेलेल्यांच्या घरच्यांना अर्ज-कागद करून देण्याचं काम मी करते. ही माणसं माझ्यापर्यंत येतात ती बहुतेक वेळा फोन हातात घेऊन. अशाच एका आईने मला तिच्या लेकीचा व्हॉइस मेसेज ऐकवला होता. आवाज इतका दबका की फोन कानाला लावून दोनदा ऐकावा लागला. मागे नळ सोडलेला. न्हाणीघराचं दार लावून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून पाणी सोडून ती बोलत होती. “आई, मला इथून काढ. हे मला दुसऱ्या घरी देणार म्हणतात.” एवढंच. ‘दुबईत मॉलमध्ये काम’ असं सांगून एजंटने तिला नेलं होतं. घरच्यांच्या हिशेबी ती दुबईतच होती. फोनचा नंबर मात्र ९६८ ने सुरू होत होता. म्हणजे ओमान. मुलगी कुठल्या देशात आहे हे आईला त्या तीन आकड्यांवरून कळलं.

त्या आईने एका प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद आणले होते. आधारची झेरॉक्स, बचत गटाच्या कर्जाचं पुस्तक, कारण एजंटला द्यायचे पैसे तिथूनच उचलले होते, आणि एजंटचं कार्ड, ज्यावरचा नंबर आता लागत नव्हता. पासपोर्टची झेरॉक्स नव्हती. व्हिसाची नव्हती. कराराचा कागद तर कुणी पाहिलाच नव्हता.

आपल्या मंत्रालयाने २०१५ मध्ये ‘मदद’ पोर्टल सुरू केलं. ते चांगलं पाऊल होतं, त्यातून कामं होतात, हे मी पाहिलं आहे. पण त्या अर्जात पासपोर्टचा नंबर लागतो, मालकाचं नाव लागतं, राहण्याचा पत्ता लागतो. आई म्हणाली, “हे सगळं ठाऊक असतं तर मीच नसते का गेले आणायला?”

महोदय, या प्रश्नावर आपण थोडा वेळ थांबावं अशी माझी विनंती आहे. त्या मुलीचा पासपोर्ट आपल्याच खात्याने दिला. त्याची पडताळणी तिच्याच तालुक्याच्या पोलीस ठाण्याने केली. ती कोणत्या तारखेला, कोणत्या विमानाने, कोणत्या व्हिसावर देशाबाहेर गेली, हे विमानतळावरच्या इमिग्रेशनच्या नोंदीत आहे. जी माहिती सरकारच्या तीन दप्तरांत पडून आहे, तीच एका निरक्षर आईकडे मागितली जाते आणि ती तिच्याकडे नाही म्हणून अर्ज अडतो. जिल्ह्यात एक अधिकारी असा असता, की ज्याला नाव आणि जन्मतारीख सांगितली की पासपोर्टचा नंबर काढता येईल आणि जो थेट मस्कतच्या भारतीय दूतावासाशी बोलू शकेल, तर पहिल्याच दिवशी काम मार्गी लागलं असतं. माझं सगळं म्हणणं या एका अधिकाऱ्याभोवती आहे.

आज व्यवस्था अशी आहे की अडकलेल्या माणसाने दूतावासाच्या दारापर्यंत पोहोचायचं, मग सरकार हात पुढे करणार. पण सलाला ते मस्कत हे अंतर सुमारे हजार किलोमीटर आहे. खिशात पैसे नाहीत, अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेली, भाषा न येणारी बाई ते कसं कापणार? शिवाय घराबाहेर पडताच मालक ‘पळून गेली’ अशी नोंद करतो. सौदीत याला हुरूब म्हणतात आणि आखातात राहिलेल्या कुणालाही विचारा, या शब्दाने त्यांच्या पोटात गोळा येतो. हुरूब लागला की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, निरुपयोगी होतो, पोलिसांनी पकडलं की थेट तरहील, म्हणजे हद्दपारीच्या माणसांना कोंडून ठेवण्याची जागा. छळ सोसलेली बाई तिथे गुन्हेगार म्हणून दाखल होते. सौदीने २०२१ मध्ये कामगारांना मालकाच्या परवानगीशिवाय देश सोडण्याची मुभा देणारे बदल केले, पण घरकाम करणाऱ्यांना त्यातून वगळलं. ज्यांना त्या सवलतीची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच बाहेर राहिल्या. कुवेतमध्ये घरकामगारांसाठी २०१५ पासून वेगळा कायदा आहे. तो कागदावर चांगला आहे. मात्र बंद दारामागे तो चालवायला कुणालातरी बाहेरून दार ठोठवावं लागतं.

आणि दार ठोठवणार कोण? आपला दूतावास. तो ठोठवतो, पण त्याला आधी पत्ता हवा. पत्ता मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग मुंबईतला किंवा तालुक्यातला एजंट आहे. त्याने कोणत्या आखाती एजन्सीला माणूस दिला, तिने कोणत्या घरी पाठवलं, ही साखळी त्याच्या फोनमध्ये असते. म्हणून मी म्हणते की परतीचं काम मस्कत-रियाधला सुरू होण्याआधी खेड, राजापूर, मुंब्रा, गोवंडीला सुरू झालं पाहिजे. एजंटला ठाण्यात बोलावून तासभर बसवलं की जे काम होतं, ते दूतावासाच्या दहा पत्रांनी होत नाही.

पण ठाण्यात काय होतं? “हा परदेशातला मामला आहे, आमच्या हद्दीत येत नाही.” हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते पाठ झालं आहे. खरं तर १९८३ चा उत्प्रवास कायदा स्पष्ट सांगतो की नोंदणीचं प्रमाणपत्र नसताना परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणं हा गुन्हा आहे आणि हा गुन्हा इथेच, आपल्या जमिनीवर घडतो. या कायद्याखाली खटला भरायला केंद्राची मंजुरी लागते, पण फसवला गेलेला माणूस किंवा त्याचे आई-वडील, नवरा-बायको, मुलं, भाऊ-बहीण यांनी तक्रार केली तर ती मंजुरी लागत नाही. ही तरतूद आईच्या हातातलं हत्यार आहे. ठाणे अंमलदाराला ती ठाऊक नसते आणि आईला कुणी सांगत नाही.

शिक्षेचं तर विचारूच नये. बेकायदा भरतीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दोन हजार! नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून कामगाराकडून कायद्याने तीस हजार रुपये घेता येतात, बेकायदा एजंट त्याच्या कितीतरी पट घेतो, आणि पकडला गेला तर दंड दोन हजार. चाळीस वर्षांपूर्वी तो आकडा मोठा वाटला असेल. आज त्या पैशात मुंबई-रत्नागिरी भाड्याच्या गाडीचा खर्चही निघत नाही. हा कायदा बदलण्यासाठी २०१९ मध्ये, २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये मसुदे लोकांसमोर आले. मसुद्यांवर आमच्यासारख्यांनी हरकती-सूचना पाठवायच्या आणि वाट पाहायची, हे आता पुरे झालं.

नियमांबद्दलही मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीचा शिक्का असतो आणि ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना परवानगी घ्यावी लागते. अशा बायकांनी तिशीच्या आत घरकामाला जाऊ नये, आणि जायचं तर सरकारी संस्थेमार्फतच जावं, असे नियम आहेत. हेतू नक्कीच चांगला. पण गरज थांबत नाही. नवऱ्याचं दुखणं, मुलांची फी, डोक्यावरचं कर्ज यातलं काहीच ती तिशीची होईपर्यंत वाट पाहत नाही. मग एजंट तिला पर्यटक म्हणून नेतो. मुंबईहून दुबई, व्हिजिट व्हिसा, आणि तिथून गाडीने सीमा ओलांडून तिसरीकडे. परदेशी नोकरीला जाणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ई-मायग्रेट प्रणालीत तिची नोंदच होत नाही. तिला दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा मिळत नाही, जाण्यापूर्वीचं प्रशिक्षण मिळत नाही, करार मिळत नाही. आपल्या लेखी ती सहलीला गेलेली असते.

तीच गत आता शिकलेल्या मुलांची झाली आहे. थायलंडमध्ये ‘डेटा एंट्री’ची नोकरी म्हणून मुलं बँकॉकला उतरतात आणि म्यानमारच्या म्यावाड्डी भागात, के. के. पार्कसारख्या कुंपणबंद वसाहतींत नेली जातात. तिथे त्यांच्याकडून बंदुकीच्या धाकाने ऑनलाइन फसवणुकीचं काम करून घेतात. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानाने थायलंडच्या सीमेवरच्या माए सोतहून एकाच खेपेत २८३ भारतीय परत आले, नोव्हेंबरात पुन्हा अशी विमानं गेली. या मुलांच्या पासपोर्टवर तपासणीचा शिक्का नव्हता, कारण ती दहावी काय, पदवीधर होती. दहावी नापास गवंड्यासाठी बांधलेली यंत्रणा त्यांना पाहूच शकली नाही. त्यांच्यातही महाराष्ट्रातली मुलं होती. परतल्यावर त्यांना पहिला प्रश्न विचारला गेला तो ‘तुम्ही किती लोकांना फसवलंत?’ तपास व्हायलाच हवा, पण कोंडून मारहाण करून ज्याच्याकडून काम करून घेतलं त्याला आधी पीडित मानून बोलावं, एवढी अपेक्षा करणं चूक नाही.

पैशांचं म्हणाल तर पैसे आहेत. भारतीय समुदाय कल्याण निधी २००९ पासून आहे. २०१७ मध्ये त्याचे नियम सुधारले. जेवण-निवारा, औषधोपचार, वकील, किरकोळ दंड, परतीचं तिकीट, मृतदेह आणण्याचा खर्च, सगळं त्यातून देता येतं. हा निधी जमतो कुठून? दूतावासात पासपोर्ट, व्हिसा आणि इतर कामांसाठी येणाऱ्यांकडून घेतलेल्या छोट्याशा शुल्कातून. म्हणजे परदेशातला गवंडी, ड्रायव्हर, नर्स यांनीच आपापल्या खिशातून एकमेकांसाठी ठेवलेला हा पैसा आहे. तो मागताना कुणाला ओशाळं वाटू नये आणि देताना कुणी उपकाराची भाषा करू नये. पण गावातल्या आईला हा निधी आहे हेच माहीत नसतं. ती तिकिटासाठी मंगळसूत्र मोडते आणि मग कळतं की तिकीट ही शेवटची पायरी आहे. आधी मालकाने केलेली ‘पळून गेली’ ही नोंद काढायची, दंड भरायचे, पासपोर्ट नसेल तर आपत्कालीन प्रवासपत्र करून घ्यायचं, हद्दपारी कार्यालयात बोटांचे ठसे द्यायचे, तेव्हा कुठे विमानात पाय टाकता येतो. संयुक्त अरब अमिरातीत मुदत संपल्यानंतर राहिल्याचा दंड रोज पन्नास दिरहम. वर्षभरात तो चार लाख रुपयांच्या वर जातो. रोज वाढणाऱ्या या दंडामुळे फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला लागणारा प्रत्येक आठवडा कुणाच्या तरी डोक्यावर कर्ज होऊन बसतो.

अधूनमधून हे देश माफीची मुदत जाहीर करतात. कुवेतने २०१८, २०२० आणि २०२४ मध्ये केली, अमिरातीने २०२४ मध्ये. त्या मुदतीत दंड माफ होतो किंवा कमी होतो, माणूस उजळ माथ्याने निघून येऊ शकतो. अशा वेळी आपले दूतावास रात्रंदिवस राबतात. पण लपून राहणारा माणूस दूतावासाचं फेसबुक पान वाचत नाही. त्याला निरोप पोहोचतो तो घरून, आईच्या, बायकोच्या, भावाच्या फोनवरून. माफी जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी प्रत्येक जिल्ह्याला, तिथून ग्रामपंचायतीला, मशिदीला, चर्चला, बचत गटांच्या बैठकीत ती कळली पाहिजे. करोनात आपण गावोगावी लाउडस्पीकर फिरवले, ते जमलं. हेही जमेल.

केरळने परदेशस्थ केरळीयांसाठी १९९६ मध्ये वेगळा विभाग उभा केला आणि २००२ मध्ये नॉर्का रूट्स ही संस्था. विमानतळावर उतरलेल्या आजाऱ्यासाठी किंवा पार्थिवासाठी रुग्णवाहिका, कायद्याची मदत, परतलेल्याला धंद्यासाठी कर्जात सवलत, हे सगळं तिथे एका छत्राखाली मिळतं. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय गेले, तेव्हा पार्थिवं घेऊन वायुदलाचं विमान आधी कोचीला उतरलं आणि तिथे प्रत्येक शवपेटीसाठी रुग्णवाहिका उभी होती. ही तयारी एका रात्रीत झालेली नव्हती, तिच्यामागे कित्येक वर्षांची घडी होती. केवळ केरळातूनच नव्हे, कोकणातून, मुंबईच्या उपनगरांतून आणि गोव्यातूनही कित्येक पिढ्या माणसं आखातात जात आली आहेत. ही घडी प्रत्येक राज्यात बसावी यासाठी केंद्राने पुढाकार घ्यावा, निधी द्यावा, नियम करावा.

एक गोष्ट सगळ्यात जास्त सलते. माणूस परत येतो आणि त्याचा पगार तिथेच राहतो. घरी जायचं असेल तर ‘सगळा हिशेब मिळाला’ या कागदावर सही कर, असं मालक सांगतो आणि कामगार अरबीतल्या कागदावर अंगठा उठवतो. ज्या कष्टांसाठी घर सोडलं, त्यांची कमाई देऊन तो आपली सुटका विकत घेतो. परतणाऱ्या प्रत्येकाकडून निघण्यापूर्वी थकीत पगाराचा जबाब आणि दूतावासाच्या नावे मुखत्यारपत्र घेण्याची पद्धत पडली पाहिजे, म्हणजे माणूस इथे आल्यावरही त्याचा दावा तिथे चालेल. २०१६ मध्ये जेद्दामध्ये एका मोठ्या बांधकाम कंपनीचे हजारो कामगार पगाराविना, अन्नाविना अडकले होते. त्यांना जेवण पोहोचवलं, विमानं दिली, हे सगळं झालं. पगाराच्या दाव्यांची मात्र वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली. तो धडा अजून नियमांत उतरलेला नाही.

सुषमाताई स्वराज परराष्ट्रमंत्री असताना एका ट्वीटवर लोकांची कामं व्हायची. त्यांच्या तत्परतेबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. आजही एखाद्या बाईचा रडतानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला की सूत्रं हलतात. पण न्हाणीघरात नळ सोडून कुजबुजणाऱ्या बाईला व्हिडिओ काढता येत नाही. तिचा चेहरा जगाने पाहावा, तिची लाज चव्हाट्यावर यावी, तेव्हा तिला मदत मिळावी, ही अट घालणारी व्यवस्था मला मान्य नाही आणि आपल्यालाही नसावी.

म्हणून मागणी सरळ आहे. आखातात आणि आग्नेय आशियात माणसं पाठवणाऱ्या प्रत्येक जिल्ह्यात, जिल्हाधिकारी कार्यालयात, प्रवासी मदत अधिकारी नेमा. त्याला पासपोर्ट आणि प्रवासाच्या नोंदी पाहण्याचा अधिकार द्या, दूतावासाशी थेट बोलण्याचा अधिकार द्या, आणि एजंटविरुद्धची तक्रार त्याच दिवशी ठाण्यात नोंदवून घेण्याची जबाबदारी त्याच्यावर टाका. अर्ज तोंडी आणि मराठीत घेतला जावा. तीन दिवसांत दूतावासाकडून कुटुंबाला पहिलं उत्तर मिळावं, ‘शोध चालू आहे’ एवढं असलं तरी चालेल. व्हिजिट व्हिसावर गेली म्हणून कुणाला मदत नाकारू नये. सुरुवात एका-दोन जिल्ह्यांतून करायची असेल तर रत्नागिरी आणि रायगड घ्या. माहिती, कागद, माणसं जोडून देण्याचं काम आमच्यासारखे कार्यकर्ते विनामोबदला करतील.

ओमानमधली ती मुलगी परत आली. तिला यायला जो वेळ लागला, तो पासपोर्टचा नंबर आणि घराचा पत्ता शोधण्यात लागला. तिचे पैसे मिळाले नाहीत, बचत गटाचे हप्ते तिची आई अजून फेडते आहे आणि तिला नेणारा एजंट नव्या नंबरवरून माणसं जमवतो आहे. तिच्यासारख्या आणखी बायका आज, हे पत्र छापलं जात असताना, तिथे आहेत. त्यांच्या आयांना जिल्ह्यातच कुणीतरी भेटावं, अशी व्यवस्था आपण करावी, ही हात जोडून विनंती.

कळावे,

आपली,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक कार्यकर्ती